हळदीचा नवरदेव आणि शेवटची सुई

नवरदेव घोड्यावर बसलेला सगळ्यांनीच पाहिला असेल. मी सरकारी दवाखान्यात, गुप्तरोगाच्या खोलीबाहेरच्या बाकावर, रांगेत बसलेला नवरदेव पाहिला आहे. अंगाला ओली हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार आणि कट्यारीच्या टोकाला खोचलेलं लिंबू. शेजारी मी. डोक्यावरून पदर, पोटावर हात, चेहऱ्यावर कळा. कळा खोट्या होत्या. बाकी सगळं खरं होतं.

इतकी वर्षं ही गोष्ट मी पोटात ठेवली, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की माझ्या पोटात काही राहणं किती अवघड. परवा ज्यांची ही गोष्ट आहे त्या दोघांनीच विषय काढला. आता हायवेवर ट्रकवाल्यांसाठी रोगाच्या पाट्या लागल्यात, त्या वाचून जाऊबाई म्हणाली, "आक्का, आमचं पण लिहून टाका. फक्त नावं घालू नका." दीर म्हणाला, "लिंबाचं लिहू नका." लिंबू मी पहिल्याच परिच्छेदात घातलं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकता सरला होता. सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. घरात सासू, माझे मालक, मी, आमची लहान मुलगी आणि धाकटा दीर. मालक आणि दीर दोघंही गिरणीत. दीर दिसायला देखणा, कुरळ्या केसांना तेल चोपडून फिरणारा, चाळीच्या जिन्यावरून शीळ घालत उतरणारा. बाहेर वाघ, माझ्यापुढे शेळी. त्याचं लग्न मोडनिंबच्या मुलीशी ठरलं होतं. मुलगी दहावीपर्यंत शिकलेली. बघायला गेलो तेव्हा ती सगळ्यांशी मिळून चार शब्द बोलली, त्यातले दोन मला, "साखर कमी?" असे. मला ती तिथंच आवडली.

लग्न पंधरवड्यावर आलं होतं. दीर पाळीवरून आला आणि चुलीपाशी बसला. मी तव्यावरची भाकरी त्याच्या हातावर ठेवली, वर शेंगांची चटणी. आमच्याकडे घाईत ताट मांडत नाहीत. त्यानं हात पुढे केला तेव्हा मला त्याचे तळहात दिसले. दोन्ही तळहातांवर तांबूस डाग.

"हे काय हो भावजी?"

"उष्णता आसंल."

"तळहाताला?"

"मंग रंगाचं आसंल. रंगखात्यात गेलतो."

"तुमी रंगखात्यात कवापासनं जाया लागला?"

तो भाकरी चावत राहिला. मला चेष्टेची लहर आली. दिराची चेष्टा करायची नाही तर वहिनी व्हायचं कशाला. मी म्हणाले, "खरं सांगा, कुटं हात घातला व्हता?"

आणि तो रडायला लागला. तोंडात घास, डोळ्यांतून पाणी. माझ्या चेष्टेनं माणसं चिडतात, पळतात, एकदा एकानं मला पाटी फेकून मारली होती. पण रडलेला हा पहिलाच.

मग हळूहळू बाहेर आलं. लग्न ठरायच्या आधी गिरणीतल्या मित्रांबरोबर तो एका वस्तीत गेला होता. "एकदाच, वयनी." सगळे पुरुष एकदाच जातात. मग तिथं गर्दी कुणाची असते, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. काही आठवड्यांनी नको त्या जागी फोड आला. दुखत नव्हता. त्यानं स्टेशनजवळच्या तंबूतल्या वैद्याकडून काळ्या काढ्याची बाटली आणून प्यायली. फोड गेला. "फोड गेला म्हंजी रोग गेला की," असं म्हणून हा पठ्ठ्या मुलगी बघायला गेला, चहा पिऊन आला. आता अंगावर डाग उठले होते आणि उशीवर केस सापडत होते.

मी काही शिकलेली डॉक्टरीण नव्हते. पण मला एक समजलं की हा रोग आता एकट्याचा राहणार नाही. मोडनिंबला एक मुलगी बसली होती, साखर कमी का विचारणारी, आणि तिला कुणी काही विचारणार नव्हतं.

"सरकारी दवाखान्यात चला."

"कुणी बगितलं तर लगीन मोडंल."

"मग मी आजारी हाय. तुमी मला घेऊन चाललाय."

अशी माझ्या नाटकाला सुरुवात झाली. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, मी सांगितलं की पोटात दुखतंय, आणि मालकांची सकाळची पाळी असल्यानं भावजी घेऊन जातायत. आत्याबाई माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि लोणच्याची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली.

दवाखान्यातले डॉक्टर चणीनं बारीक, आवाजानं पहाडी. चष्मा कपाळावर. त्यांनी डाग बघितले, रक्त घ्यायला लावलं, आणि दार उघडं ठेवूनच बोलायला लागले. मी पदर आणखी ओढला.

"उपदंश. तुम्ही लोक गरमी म्हणता. फोड कधी गेला?"

"बाटलीनं गेला, साहेब."

"बाटलीनं नाही. तो आपोआपच जातो. फोड जातो आणि रोग आत शिरतो. रक्तात. आता हे डागही जातील, आणि तू पुन्हा म्हणशील बरा झालो. मग तुझ्या बायकोला होईल. तिच्या पोटातल्या मुलाला होईल. काही मुलं जन्मण्याआधीच जातात."

डॉक्टरांनी विचारलं, "जिच्याकडे गेलास तिला औषध मिळालं का?"

"तिनंच दिला की मला."

"आणि तिला कुणी दिला? तुझ्यासारख्यानंच. तिला इथं यायला सांग, कुणी नाव विचारणार नाही." मग त्यांनी सांगितलं: रोज एक सुई, दहा दिवस, खाडा चालणार नाही. मध्ये चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर काही आठवड्यांनी रक्त पुन्हा बघायचं, आणि ते 'हो' म्हणेपर्यंत कुठल्याही बाईजवळ जायचं नाही.

दिरानं जमिनीकडे बघत विचारलं, "निरोध वापरला तर, साहेब?"

"धोका कमी होतो. संपत नाही. फोड कुठं आहे हे निरोधाला कळत नाही. आत्ता नाहीच. लग्न पुढं ढकल."

"पत्रिका वाटल्यात."

"पत्रिकेला रोग होत नाही. मुलीला होतो."

बाहेर आल्यावर तो भिंतीवर रंगवलेल्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाला टेकून उभा राहिला. लग्न पुढं ढकलायचं तर कारण द्यायला हवं. शिवाय पुढं आषाढ लागणार, मग थेट तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही, आणि मोडनिंबचे लोक तेवढ्या अवधीत कारण शोधून काढणार. तो गयावया करायला लागला. मी विचार करत होते. मला नाटक सुचायला वेळ लागत नाही.

आमच्याकडे लग्नानंतर तुळजापूरला जाऊन देवीचं दर्शन आणि गोंधळ झाल्याशिवाय नवराबायकोनं एकत्र यायचं नाही. नवी सून तोवर सासूजवळ झोपते. मी ठरवलं, तुळजापूर लांबवायचं. आज आमच्या मुलीला ताप, उद्या मालकांना सुट्टी नाही, परवा अमावस्या. बघता बघता रक्ताची तपासणी येईल. "भावजी, देवीच्या आड तुमाला लपिवते," मी म्हणाले आणि स्वतःवर इतकी खूश झाले की घरी जाताना लोणचं खरंच खावंसं वाटलं.

सुया सुरू झाल्या. रोज सकाळी मी विव्हळत जिना उतरायचे, दीर मला सांभाळत न्यायचा, आणि परत येताना सुई टोचलेला तो लंगडायचा आणि मी ताठ चालायचे. कोपऱ्यावर आलो की आम्ही भूमिका बदलायचो. घरी आत्याबाईंनी मला घागर उचलू द्यायचं बंद केलं. कैरी, चिंच, भाजलेली माती, जे जे बाईला अशा वेळी लागतं ते सगळं माझ्या उशाशी येऊन पडू लागलं. एकदा मला ऐकू गेलं, त्या शेजारणीला सांगत होत्या, "औंदा देवानं आयकलं बग." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे नाटक कुणाला तरी महाग पडणार आहे.

शेवटची सुई नेमकी हळदीच्या दिवशी आली. आम्ही ठरवलं होतं, दवाखाना उघडताच सुई, मग येऊन हळद. पण सवाष्णींना पुढं वऱ्हाडाचा स्वयंपाक होता, म्हणून त्या दिवस उगवायच्या आधीच जमल्या. मी न्हाणीतून बाहेर येते तर दीर पाटावर, सगळीकडून पिवळा. माझ्याकडे तो असं बघत होता, जणू त्याला हळद नव्हे, कुणी कुलूप लावलंय. हळद लागलेल्या नवऱ्यानं लग्नाला निघेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. बाहेरची बाधा चटकन लागते म्हणतात. त्याला तर आतली लागलेली होती.

मालक पुढची तयारी बघायला मोडनिंबला गेलेले. घरात दुसरा पुरुष नाही. दवाखान्याची वेळ दुपारी संपायची. मी थोडा वेळ भांडी आपटली, मग धीर करून पोट धरलं आणि चौकटीत बसले.

सगळ्या बायका थबकल्या. शेजारची तेलुगू मावशी, जिच्या घरच्यांचा मागाचा कारखाना चाळीमागेच होता, लगबगीनं पुढं आली. "मी नेते की हिला. उठ बाळा."

मावशी आली असती तर सगळं संपलं असतं. मी कळ आणखी वाढवली आणि दिराचा ओला दंड घट्ट धरला. "भावजीच पायजेत. डाक्टर भावजींनाच ओळखत्यात." हे वाक्य तर शपथेवर खरं होतं.

आत्याबाई उभ्या राहिल्या. एका बाजूला हळदीचा मुलगा, दुसऱ्या बाजूला, त्यांच्या समजुतीनं, येणारा नातू. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग त्यांनी मुलाच्या गालावर काजळाचा मोठा ठिपका लावला, कट्यारीला लिंबू खोचलं आणि ती त्याच्या मुठीत दिली. "जा. पर कट्यार हातातनं खाली ठिवायची न्हाय. घरात येस्तोवर न्हाय."

आम्ही टांग्यातून निघालो. रस्त्यातले लोक हात जोडत होते, एक म्हातारी 'सुखी ऱ्हावा' म्हणाली.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर नेहमी माणसं भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणी टोपी डोळ्यांवर, कुणी टॉवेल तोंडावर. हळदीचा नवरदेव कट्यार घेऊन आत शिरला तेव्हा सगळ्यांचे टॉवेल एकदम खाली आले. एकानं सरकून जागा दिली. दुसरा हळूच म्हणाला, "पुढं जाऊ द्या रं त्याला, टायम न्हाय त्याच्याकडं." आणि त्या रांगेनं, जिथं कुणी कुणाकडे बघत नाही, नवरदेवाला वाट करून दिली.

डॉक्टर म्हणाले, "ती तलवार बाजूला ठेव."

"आईनं सांगितलंय, खाली ठिवायची न्हाय."

"मग नीट धर. मी टोचणार, तू दचकणार, आणि ते माझ्या पोटात जायचं."

सुई झाली. लिंबातून एक थेंब रस फरशीवर पडला. डॉक्टर हात धूत धूत म्हणाले, "लग्न कधी?"

"उद्या."

"मुलीला सांगितलंस?"

दीर लिंबाकडे बघत राहिला. डॉक्टरांनी मान वळवली. "बाई, तुम्ही सांगितलंत?"

मी पदर सावरून माझी सगळी योजना त्यांना सांगितली. देवी, गोंधळ, ताप, अमावस्या. मला शाबासकीची अपेक्षा होती. त्यांनी हात पुसलेला टॉवेल खुंटीला अडकवला.

"म्हणजे तुम्ही तिला लांब ठेवणार. आणि ती कधी ठरवणार, जवळ जायचं की लांब राहायचं?"

मला त्यांचा राग आला. इतका की परतताना कोपऱ्यावर मी विव्हळायचं विसरले.

लग्न लागलं. मोडनिंबच्या मांडवात अक्षता पडल्या, जेवणं झाली, मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, आणि आम्ही ट्रकमध्ये बसलो. वऱ्हाड तेव्हा मालट्रकमधूनच जायचं. खाली सतरंज्या, वर ताडपत्री, नवरानवरी मधोमध, मी नवरीला टेकून. मोहोळ गेलं. सोलापूर जवळ आलं. गिरणीची चिमणी दिसली. आता ट्रक वळणार म्हणून मी चपला शोधायला लागले. ट्रक वळला नाही. चिमणी उजवीकडे आली, मागे गेली, लहान झाली.

"अवो, आपलं घर मागं गेलं," मी ओरडले.

ड्रायव्हरशेजारून माझ्या मालकांनी मान बाहेर काढली. आयुष्यात मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. "गाडी केलीच हाय तर देवी बी करून टाकू की. गोंधळ तितंच घालू. समदं एका फेरीत."

आत्याबाईंनी हात जोडले. "माजा गुणाचा ल्योक."

मी दिराकडे बघितलं. तो ताडपत्रीच्या भोकातून आकाश बघत होता. ज्या देवीच्या आड मी त्याला लपवणार होते, तिच्याकडेच ट्रक आम्हाला घेऊन चालला होता, आणि माझ्या शेजारी ती मुलगी बसल्या बसल्या पेंगत होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी दर्शन झालं. संबळ वाजलं, गोंधळ झाला, पोत नाचला. दुपारी घरी पोचलो तोच आत्याबाईंनी फर्मान काढलं: आज आतली खोली नव्या जोडप्याला. पाहुणे गॅलरीत, आम्ही बाहेरच्या खोलीत. त्यांनी ट्रंकेतली नवी चादर काढली. मी त्या चादरीकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात एकही नाटक येईना.

दिराला मी जिन्यात गाठलं. "तुमी सांगताय का मी सांगू?"

"वयनी, सुया समद्या झाल्या की. आता काय हुतंय."

"डाक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर काय, म्हणत्यातच. तिला कळलं तर ती आजच माघारी जाईल. तिचा बा मला चाबकानं मारंल. आईला काय सांगू मी?" त्याचा आवाज चिरका झाला. "निरोध आणतो. शप्पत. त्यानं भागंल."

"फोड कुटं हाय ते त्याला कळत न्हाय, आयकलंय मी बी."

मला खरंच वाटलं, हा सांगणार नाही. आणि मी सांगितलं तर ती आयुष्यभर म्हणेल, माझ्या नवऱ्याला तोंड नव्हतं. मी त्याचा हात धरला, त्यावरचे डाग आता फिके झाले होते. "भावजी, त्या रांगेतल्या माणसांनी तुमाला वाट दिली. ती काय म्हणून?"

"सांगतो," तो म्हणाला. आता प्रश्न जागेचा. लग्नघर असलेल्या चाळीत गुपित सांगायला जागा नसते. जिन्यात पोरं, गॅलरीत पाहुणे, गच्चीवर पापड, मोरीच्या दारात नंबर. मग मला मावशीचा कारखाना आठवला. तिथं यंत्रमागांचा खडखडाट असा की शेजारी उभ्या माणसाच्या कानाला तोंड लावल्याशिवाय बोलणं पोचत नाही. मी नव्या सुनेला म्हणाले, "चल, मावशीला कुंकू लावून येऊ." आणि दिराला मागून यायला सांगितलं.

कारखान्याच्या दाराशी, भिंतीला पाठ लावून, तिघं उभे राहिलो. आत माग धडधडत होते, चादरींवर मोर उमटत होते. मी दोन पावलं बाजूला झाले. दीर तिच्या कानाशी वाकला. ती लाजली, तिला वाटलं काहीतरी गोड असेल. तो बोलायला लागला. मग तिचं लाजणं थांबलं.

आणि वीज गेली.

सगळे माग एका दमात थांबले. असली शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. दिराचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. विणकर घाम पुसत बाहेर आले, पाणी पिऊ लागले. मावशी म्हणाली, "अगं बाई, नवी सून? बस की." नवी सून बसली नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की त्यानं 'रोग' हा शब्द उच्चारलाय आणि पुढचं काही सांगितलेलं नाही. त्या एका शब्दासकट ती उभी होती, हातात कुंकवाचा करंडा, चारी बाजूंनी माणसं. ती घरात पळू शकली असती. रडू शकली असती. तिनं मावशीला वाकून कुंकू लावलं. मावशीनं तिची ओटी भरली, मोडनिंबला पाऊस आहे का विचारलं. "थोडा हाय," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता पण सरळ होता. ती परत दिराशेजारी जाऊन उभी राहिली आणि थांबली. तो घामानं भिजला होता. मी देवीला म्हणाले, आता एवढी वीज आण, पुढचं आमचं आम्ही बघतो.

वीज आली. माग सुरू झाले. तिनं स्वतःहून कान त्याच्याकडे नेला.

तो बराच वेळ बोलला. तिनं मध्ये काही विचारलं, त्यानं मान हलवली. पुन्हा विचारलं, त्यानं खाली बघितलं. मग ती माझ्याकडे आली आणि माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "आक्का, तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मला अजून लागलेला न्हाय नव्हं?"

"न्हाय. म्हणून तर."

"मग त्या डाक्टरकडं मला न्या. ह्यांच्या तोंडचं आयकलं, आता त्यांच्या तोंडचं आयकते." एवढं म्हणून ती पुढं चालायला लागली.

घरी आल्यावर ती थेट आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिली. नवी चादर त्यांच्या हातातच होती. ती खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, मला बाजूला बसावं लागंल. कावळा शिवला."

"आजच?"

"आजच."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, चादरीची घडी घातली आणि ती ट्रंकेत परत गेली. मुलीला बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात कांबळं मिळालं, वेगळं ताट मिळालं, आणि चार दिवस तिच्याजवळ कुणी फिरकणार नाही याची हमी मिळाली. मी दारामागे उभी राहून तोंडात पदर कोंबला. मी देवी, अमावस्या आणि सरकारी दवाखाना कामाला लावला होता. तिनं दोन शब्दांत काम केलं. पण ते शब्द तिचेच होते, मला सुचले असते तरी मला ते म्हणता आले नसते.

पाचव्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. या वेळी पोट धरलं नाही. आत्याबाईंना आधीच सांगून टाकलं होतं की माझं तसं काही नाही, नव्हतंच. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली, आणि घागर माझ्याकडे परत आली. ते मला कळांहून जास्त दुखलं.

डॉक्टर तिच्याशी त्याच पहाडी आवाजात बोलले, पण उठून दार मात्र त्यांनी लावून घेतलं. तिनं एकेक विचारलं, पाढे म्हणावे तसं. कशानं लागतो. एका ताटात जेवल्यानं लागतो का. नाही. बरा होतो का. होतो, सुया वेळेवर घेतल्या तर. रक्त कधी बघणार. मूल कधी होऊ द्यायचं. शेवटी तिनं विचारलं, "आणि हे परत तिकडं गेले तर?"

"तर परत होईल. सुई म्हणजे चिलखत नव्हे."

"मग रक्त नीट आल्यावर बी निरोध वापरायचा."

"पुढची तपासणी होईपर्यंत वापराच. आणि त्यानंतर तुम्हाला वाटेल तोवर," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगायचं, त्यानं ऐकायचं."

घरी येताना तिनं मला महिना विचारला. ज्येष्ठ संपत आला होता. आषाढात नव्या सुनेनं सासरी राहायचं नाही, माहेरी जायचं, हे आमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. तिनं भावाला निरोप धाडला. जाताना उंबऱ्यात दिराला ती एवढंच म्हणाली, "डाक्टर व्हय म्हणाल्याबिगर न्यायला येऊ नका." आत्याबाईंना वाटलं, माझ्या तब्येतीचं काहीतरी असेल.

तो आषाढ दिरानं कसा काढला ते बघायची मौज होती. मित्र बोलवायला आले तर तो माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन गच्चीत जायचा. शीळ बंद. महिना संपता संपता रक्त दिलं. निकाल ऐकायला मी बरोबर गेले, कारण ती मला विचारणार हे मला ठाऊक होतं.

श्रावण लागला तसे आम्ही दोघं मोडनिंबला गेलो. तिनं चहा आणला. आईबाप अंगणात होते. ती दिराकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"काय म्हणाले?"

"व्हय म्हणाले. पुढची तपासणी परत करायची."

"तुमी स्वता आयकलं?"

"समोर बसून."

"मग पिशवी भरते."

सोलापूरच्या एसटी स्टँडवर उतरलो. दीर टांगा बोलवायला लागला. ती म्हणाली, "आधी त्या दुकानात जाऊन या." समोर किराणा आणि औषधांचं दुकान, पाटीवर लाल त्रिकोण. दीर गेला. आम्ही दोघी ट्रंकेवर बसून बघत राहिलो. दुकानात दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत तो डब्यांवरची अक्षरं वाचत होता. मग एक म्हातारा आला. दीर परत आला तो साबण घेऊन.

"हे न्हाय," ती म्हणाली.

पुन्हा गेला. या वेळी दुकानदारानं मोठ्यानं विचारलं असावं, कारण दिराची मान खांद्यात गेली. परत आला तो दाढीची पाती आणि कंगवा घेऊन. हळदीच्या अंगानं, कट्यार धरून, त्या रांगेत बसलेला हा माणूस. मला हसू आवरेना. तिला हसू आलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, तशीच, जशी कारखान्याच्या दाराशी वीज यायची वाट बघत होती.

तो वळला आणि तिसऱ्यांदा गेला. या वेळी गर्दी असूनही थांबला नाही. आला तेव्हा पाकीट त्याच्या हातात होतं, लपवलेलं नव्हतं. तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"टाका," ती म्हणाली. "आणि टांगा बोलवा. आत्याबाई वाट बगत असतील."